शेवटची सरी

मालन रोज सकाळी सरकारला आंघोळ घालायची.

विहिरीशेजारी लोखंडी खांबांवर सौरपंपाच्या नऊ काचा बसवल्या होत्या, त्यांना घरात सगळे सरकारच म्हणत. वर्षापूर्वी त्या आल्या तेव्हा दौलतने हौसेने नारळ फोडला होता. आता त्यांच्यावर रोज सिमेंटची राख बसायची. शेजारच्या जमिनीवर तीन टॉवर उठत होते. त्यांची धूळ रात्रभर खाली यायची आणि दवात भिजून काचेला चिकटायची. मग मालन शिडी लावून वर चढायची, एका हातात डबडं, दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याचा बोळा. पंचावन्न वर्षांचे गुडघे शिडीच्या तिसऱ्या पायरीला कुरकुरायचे. ती त्यांना शिव्या द्यायची, सरकारला द्यायची आणि टॉवरला सगळ्यांत घाणेरड्या द्यायची.

"उठलं का गो सरकार?" खालून दौलत विचारायचा.

"डोलं किलकिलं करतंय."

दहा वाजता धुकं फाटायचं आणि पंप घरघरायला लागायचा. पाइपातून आधी खोकल्यासारखं, मग हळूहळू पाणी यायचं. दौलत खोरं घेऊन मांडवाच्या पार टोकाला, शेवटच्या सरीला जाऊन उभा राहायचा. एक एकराचा मांडव. बांबू त्याचे, तारा त्याच्या, वेल दोघांनी मिळून चढवलेले. काकडी आणि शिराळी. पौष लागला होता, वेल फुलावर होते आणि प्रत्येक फुलाच्या बुडाला बोटाएवढी काकडी धरली होती. पाणी हवं होतं ते आता.

आणि पाणी तर यायचं नाही. म्हणजे यायचं, पण त्याला जोर नसायचा. जोराचं पाणी पाटातून धावतं, कोरडी माती तोंड उघडायच्या आत पुढे निघून जातं. मरतुकडं पाणी पाटच पिऊन टाकतो. सातव्या-आठव्या सरीपर्यंत कसंबसं ओल जायची, पुढच्या चौदा सऱ्या तशाच राहायच्या. साडेअकराला पहिल्या टॉवरची सावली काचांवर चढायची आणि पंप मान टाकायचा.

"आलं काय?" मालन विहिरीवरून ओरडायची.

"आलं नाय!" दौलत टोकावरून ओरडायचा.

महिनाभर दोघांचं रोज हेच बोलणं चाललं होतं.

पहिल्या आणि दुसऱ्या टॉवरच्या मध्ये एक फट होती. दुपारी एकच्या सुमाराला त्या फटीतून वीस मिनिटं ऊन यायचं. मालनची भाकर त्याच वेळेला तव्यावर असायची. ती भाकर टाकून धावायची, पाट वळवायची, आणि पाणी दहाव्या सरीला पोचतं न पोचतं तोच दुसरा टॉवर पुढे यायचा. भाकर करपायची ती वेगळीच.

खऱ्या सरकारने ठरवलं होतं की आता शेतकऱ्याला खांबावरची वीज नको, ऊनच द्यायचं. हवा स्वच्छ राहते, कोळसा वाचतो, हवामान बदलतंय त्याला आळा बसतो. मालनला यातलं काहीच खोटं वाटत नव्हतं. हवा बिघडली हे तिला कुणी सांगायला नको होतं. भाद्रपदात भात आडवं करणारा पाऊस तिनेच पाहिला होता. पण मानपाड्यापलीकडच्या या खोणवली गावात वीज होती. तीन टॉवरांना होती. त्यांच्या बावीस मजल्यांच्या लिफ्टला होती आणि अजून एकही माणूस राहायला आला नसताना रात्रभर जळणाऱ्या दिव्यांना होती. खांब दौलतच्या बांधाला लागूनच गेले होते. फक्त त्याच्या विहिरीला वीज द्यायची म्हटली की हवामान आडवं यायचं. हा न्याय मालनच्या डोक्यात शिरत नव्हता आणि तो डोक्यात घालायला कुणी येतही नव्हतं.

जुनं डिझेल इंजिन होतं, नाही असं नाही. विहिरीपलीकडे पेंढ्याच्या उडवीमागे ते गंजत पडलं होतं. पण काकडी विकून डिझेल आणायचं आणि डिझेल जाळून काकडी काढायची, या फेऱ्यात माणसाच्या हाताला फक्त काळं तेल लागतं. म्हणून तर सरकारला घरी आणलं होतं.

साध्या विजेच्या मीटरसाठी दौलत आणि मालन कल्याणला वीज कंपनीच्या कचेरीत तीनदा जाऊन आले. तिसऱ्या वेळी तिथली नवी इंजिनिअर भेटली, विनिता मॅडम. वय तीसच्या आत, टेबलावर फायलींचा ढीग, डबा उघडलेला आणि अर्धा खाल्लेला. तिने त्यांना बसायला सांगितलं. आधीच्या दोन वेळा कुणी सांगितलं नव्हतं.

"काका, सौरपंप दिलेल्या शेतकऱ्याला दुसरं कनेक्शन देता येत नाही. नियम आहे."

"पन तो चालत नाय ना."

"बिघडलाय का?"

"बिघडला नाय. सावली परते."

"सावली हा बिघाड धरत नाहीत." तिने फाईल काढून दौलतचाच कागद दाखवला. "इथे तुम्ही सही केली आहे, जागेवर सावली नाही म्हणून."

"तवा टॉवर नव्हता, मॅडम. सही केली तवा तिथं बगले होते."

विनिता मॅडमला हसू आलं, पण तिने ते गिळलं. थोडा वेळ ती पेन वाजवत बसली. मग म्हणाली, "एक करता येईल. मी स्वतः येते, गुरुवारी दुपारी तीनला. त्या वेळी पंप बंद आहे, पाणी शून्य आहे, असं फोटोसकट लिहिते. तेवढा अहवाल असला की वर पाठवता येईल. पण तीनला पंप बंद दिसला पाहिजे."

"तो तर बंदच असतंय," मालन म्हणाली. "त्याची काय चिंता करू नका."

तेवढ्यावर त्या दिवशी दोघं खूश होऊन परतली. बाजारपेठेत दौलतने तिला भजी खाऊ घातली. पंप बंद असणं हे आयुष्यात पहिल्यांदाच कामाला येणार होतं.

बुधवारी साईनाथ आला. साईनाथ गावातलाच. आधी जमिनीची दलाली करायचा, आता त्याच्या छातीवर सौरमित्र असा बिल्ला होता. टॉवरची जमीनही त्यानेच विकून दिली होती आणि काचाही त्यानेच बसवून दिल्या होत्या. ऊन आणि सावली, दोन्हींत त्याचा हात होता.

"दौलतकाका, लॉटरी लागली तुमची!" त्याने बाइक उभी करता करताच सांगितलं. "हवामान पंधरवडा चालू आहे ना, उद्या मुंबईवरून मोठे साहेब येतायत. सौरपंपाची पाहणी. आपली साइट सिलेक्ट झालीय."

"आपलीच कशाला?"

"हायवेपासून जवळ. गाडी डायरेक्ट बांधापर्यंत येते. आणि मागे टॉवर, पुढे हिरवं शेत, फोटो एक नंबर येतो. साहेब बाराला येतील, फार तर साडेबारा."

"म्हंजे तीनला येनार," मालन म्हणाली. "आन तीनला पंप बंद असतंय."

"तेच तर बोलतोय, काकी." साईनाथने बाइकला अडकवलेला कॅन खाली ठेवला. डिझेलचा वास आला. "इंजिन आहे ना तुमचं? उडवीच्या मागे राहू दे. पाइप पेंढ्याखालून घेऊ, सौरपंपाच्या तोंडाला जोडू. कुणाला कळत नाय. स्पीकरवर गाणी लावतो मी, आवाज पण येणार नाय."

मालन त्याच्याकडे बघतच राहिली. "आरे, डिझेल वाचवायची पूजा, आन परसाद डिझेलचा?"

"काकी, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. साहेब खूश झाले की मी कानात घालतो ना तुमच्या मीटरचं. त्यांच्या एका फोनवर होतं काम. ती कल्याणची मॅडम काय करणार? तिच्यासारख्या छप्पन्न."

साईनाथ गेल्यावर नवरा-बायकोची जुंपली.

"मॅडम तीनला येनार हाय," मालन म्हणाली. "तिला बंद दाखवायचा की साहेबाला चालू दाखवायचा? एक काय ता ठरवा."

"मोठा मानूस बांधावर येतंय. आजवर आपल्या बांधावरून कोन कोरड्या पायाचा गेलाय का?"

हे मात्र खरं होतं. दौलतच्या घरची रीतच होती. कुणी पहिल्यांदा मळ्यात आलं की पाटाच्या पाण्यात त्याचे पाय भिजवायचे, मग मांडवातली पहिली काकडी तोडून हातावर ठेवायची. बापाने वीटभट्टीच्या मुकादमाला ठेवली होती, मोजणीला आलेल्या तलाठ्याला ठेवली होती. जमीन घ्यायला आलेल्या बिल्डरच्या माणसालासुद्धा दौलतने आधी पाय धुवायला पाणी दिलं आणि मग नकार दिला.

"त्यो पाव्हना नाय," मालन म्हणाली. "त्यो फोटो काढायला येतंय."

"पानी तरी येल गो," दौलत हळूच म्हणाला. त्याने मांडवाकडे पाहिलं नाही. "पाच लिटर हाय. शेवटच्या सरीपर्यंत जाईल."

मालनने मांडवाकडे पाहिलं. टोकाच्या सऱ्यांतली पानं दुपारी कान पाडलेल्या गाढवासारखी लोंबायची. फुलं करपून हातात यायची. अजून चार दिवस असंच गेलं की पाणी दिलं काय, न दिलं काय. हे तिला दौलतपेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण रोज संध्याकाळी घागरीने तिथल्या वेलांच्या बुडाशी पाणी तीच घालत होती. चौदा सऱ्या घागरीने भिजत नाहीत, पण बघवत नाही म्हणून घालायची.

गुरुवारी सकाळपासून धांदल. बांधावर छोटा मंडप, प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या, स्पीकर. काचांच्या खांबाला बांबू बांधून त्यावर एक पत्र्याची पाटी ठोकली. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं होती, 'डिझेलमुक्त शेत', आणि खाली दौलतचं नाव. दौलतने इस्त्रीचा सदरा घातला. मालननेही ठेवणीतलं निळं लुगडं काढलं, तर साईनाथ म्हणाला, "काकी, तुम्ही इंजिनावर थांबा. हँडल मारायचं जमतं ना तुम्हाला? काकांना पुढे लागेल. बाहेरचा माणूस ठेवला तर बोभाटा होतो."

म्हणजे जिने वर्षभर काचा पुसल्या, तिने उडवीमागे लपायचं. मालनने पदर खोचला. हँडल तिला खरंच जमत होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती ते शिकली होती, दौलतचा हात मोडला होता तेव्हा.

साडेबारा झाले. साहेब माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा फोन आला. दीड वाजता जेवायला थांबल्याचा आला. एकच्या फटीतलं ऊन येऊन गेलं, पंपाने वीस मिनिटं पाणी टाकलं, ते बघायला कुणी नव्हतं. तीनला विनिता मॅडम रिक्षाने आली. तिला या कार्यक्रमाचं कुणी कळवलंच नव्हतं. खुर्च्या बघून ती बांधावरच थबकली. तिने घड्याळ पाहिलं, मेलेला पंप पाहिला आणि फोन काढला. पण साईनाथ आडवा गेला, "मॅडम, साहेब येऊ देत ना, मग काढा काय तो फोटो."

साडेतीनला गाड्यांचा धुरळा दिसला आणि साईनाथने रुमाल हलवला.

मालनने हँडल मारलं. दोनदा नुसतंच फिरलं, तिसऱ्या वेळी खांद्यातून कळ गेली आणि इंजिन पेटलं. काळा धूर भसकन तिच्या तोंडावर आला. सकाळी तासभर पाण्याच्या बादल्या ओतून तिने आणि दौलतने पाइप भरला होता, आणि गळेल तसं ती वरून ओतत राहिली होती. विहिरीतला वॉल्व गळका होता, इंजिन एकदा थांबलं की पाइप रिकामा होई आणि पुन्हा तासाची ओतणी. म्हणून बंद पडू द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

आणि मग पाणी आलं. पाइपाच्या तोंडातून मांडीएवढं जाड, पांढरं पाणी उसळलं. पाटात पडलं आणि धावलं. पेंढ्याच्या फटीतून मालनला ते दिसलं. पहिली सरी, दुसरी, पाचवी. माती तडतडायला लागली. किती दिवसांनी तिने तो आवाज ऐकला. डोळ्यांना पाणी आलं ते धुरामुळे, असं ती स्वतःला सांगत होती, पण ते खरं नव्हतं.

स्पीकरवरचं गाणं थांबलं. साहेबांनी बूट-मोजे काढले, पाटात पाय घातले, टाळ्या झाल्या. दौलतने काकडी त्यांच्या हातावर ठेवली. फोटो निघाले. उडवीच्या माथ्यावरून काळ्या धुराची शेंडी सरळ वर चढत होती, इंजिन धडधडत होतं, आणि तिथल्या तीस-चाळीस माणसांपैकी एकानेही मान वळवली नाही. सगळ्यांना दिसत होतं, तरी कुणाला त्याची लाज वाटत नव्हती.

"दौलतराव, डिझेलचा त्रास संपला ना एकदाचा?" साहेबांनी माइकवर विचारलं.

"संपला, साहेब."

उडवीमागे मालनने तोंडावर पदर धरला. कानाला झोंबलं ते.

पेंढा खसखसला. विनिता मॅडम वळसा घालून आली होती. तिने इंजिन पाहिलं, डिझेलचा कॅन पाहिला, काजळलेल्या तोंडाची मालन पाहिली. ती ओरडली नाही. जवळ येऊन तिने मालनच्या दंडाला धरलं.

"काकू, बंद करा."

"काय?"

"इंजिन बंद करा, आत्ता. त्या सगळ्यांसमोर पाणी थांबू दे. मग मला लिहिता येईल. साहेबांच्या डोळ्यांदेखत बंद पडला म्हणून लिहीन. नाहीतर ते म्हणतील तेच लिहावं लागेल मला. कळतंय का तुम्हाला?"

मालनला कळत होतं. चांगलंच कळत होतं. तिने इंजिन बंद करायच्या दट्ट्यावर हात ठेवला. तो दाबला की एका क्षणात सगळं उघडं पडणार होतं. साईनाथचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. साहेब ओल्या पायांनी उभे राहिले असते. पुढे मीटर, सहा महिन्यांनी, वर्षाने, पण खरा मीटर.

तेवढ्यात मांडवाच्या टोकावरून हाक आली. दौलत साहेबांना, माइकला, सगळ्यांना सोडून सवयीने खोरं घेऊन तिकडे पळाला होता. इस्त्रीचा सदरा कोपरापर्यंत चिखलाने भरला होता.

"आलं गो! मालन, आलं! शेवटच्या सरीला आलं!"

चौदाव्या, सोळाव्या, एकोणिसाव्या सरीत पाणी शिरत होतं. आता दाबलं तर ते अर्ध्यातच मुरणार, पुन्हा तास ओतणी, आणि तोवर कॅन साईनाथने उचलून नेलेला असणार. मालनला वेल पाणी पिताना दिसत होते. तिच्या हातून होईना. वर्षानंतरच्या मीटरसाठी समोर पाणी पिणाऱ्याचं तोंड कसं बाजूला करायचं?

तिने दट्ट्यावरचा हात काढला.

"पिऊ दे मॅडम," ती म्हणाली. "तेवढं पिऊ दे."

विनिता मॅडमने तिचा दंड सोडला. मग केसांतला पेंढा झटकत परत गेली.

पाच लिटर डिझेल साडेपाचपर्यंत पुरलं. साहेब चारला निघून गेले होते. साईनाथने कानात काय घातलं ते त्यालाच ठाऊक. त्या एका पाण्यावर वेलांनी आठ दिवस मान वर धरली. दौलत कॅरेट मोजत कल्याणच्या भाजी बाजारात काकडी घेऊन गेला आणि हसत आला.

मग उत्तर आलं. सुदेशच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या फोनवर आलं, कारण अर्ज त्याने भरला होता. तो मानपाड्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला आणि ओट्यावर बसून त्याने मोठ्याने वाचलं.

"'सदर सौर कृषिपंप दुपारी तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पूर्ण दाबाने कार्यरत असल्याचे स्थळपाहणीत तसेच सोबतच्या छायाचित्रात आढळून आले आहे. सबब, सावलीबाबतची तक्रार निराधार असून वीजजोडणीचा अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'"

"निकाली म्हंजे?" दौलतने विचारलं.

"नाय मिळणार, बाबा. परत अर्ज करता पण नाय येणार."

"खाली सही कोनाची हाय?" मालनने विचारलं.

"विनिता मॅडमची."

दौलत म्हणाला, "बघ, शेवटी तीपन त्यांचीच."

"तिला नका बोलू," मालन म्हणाली. "तिनं विचारलेलं मला."

तिने फोन हातात घेतला. फोटो खरंच छान आला होता. साहेब पाटात उभे, हातात काकडी, मागे आकाशात गेलेले टॉवर. धूर कुणीतरी पुसून टाकला होता. पण उडवीच्या कडेला निळ्या लुगड्याचं एक टोक राहून गेलं होतं. मालनने ते दोन बोटांनी मोठं करून पाहिलं आणि फोन सुदेशला परत दिला. त्या आठ दिवसांत दौलतला तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं की दट्टा तिच्या हाताखाली होता. आताही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरकारला आंघोळ घातली नाही. शिडी लावली ती दुसऱ्याच कामाला. वर चढून हातोडीच्या मागच्या बाजूने तिने पाटीचे चारही खिळे उपटले. पाटी खणखणत खाली पडली. चांगला जाड पत्रा होता, उगाच नव्हता. तो बगलेत मारून ती पाटाने चालत आठव्या सरीपाशी आली.

दहाला पंप घरघरला. पाणी नेहमीसारखंच आलं, मेल्यासारखं. दौलत खोरं घेऊन टोकाला जाऊन उभा होता. मालनने वाट पाहिली. पाणी आठव्या सरीच्या तोंडाशी आलं तेव्हा तिने पत्रा पाटात आडवा धरला आणि टाचेने ठोकून ठोकून मातीत बसवला. अक्षरं तिच्या बाजूला होती, हिरव्यावर पांढरी. दोन्ही कडांना चिखल दाबला, एक थेंबही पुढे जाऊ नये म्हणून. अडलेलं पाणी फुगलं, मागे वळलं आणि पहिल्या आठ सऱ्यांत भरू लागलं. तेवढ्या जगणार होत्या.

दौलतने लांबून पाहिलं. तिने काय केलं ते त्याला समजलं असावं. तरी सवयीने तो थोडा वाकला, कोरड्या पाटाकडे पाहत राहिला.

"घरी या," मालनने हाक मारली. "आता नका बघू. नाय येनार तिथं."